जकातीच्या भिंतीबाहेर

भिवंडीचे नाव काढले की लोकांना माग आठवतात, आणि अलीकडच्या लोकांना गोदामे. फ्रान्समधल्या नदीकाठी, झाडाखाली बसून प्यायच्या हलक्या वाईनशी या गावाचा संबंध जोडू गेलो तर तो ओढूनताणून जोडला आहे, असेच कोणालाही वाटेल. पण हा संबंध मी जोडलेला नाही. तो जकातीने जोडला. मी पोटापाण्यासाठी तिच्या शेजारी बसलो होतो, एवढेच.

नाशिकच्या हमरस्त्यालगत माणकोली, दापोडे, वळ, राहनाळ या गावांच्या शिवारांत गोदामांची जी रांगच्या रांग उभी राहिली, तिथल्या एका गोदामात मी सव्वीस वर्षे कारकुनी केली. या रांगेचे कारण अगदी साधे होते. माल मुंबईच्या हद्दीत शिरायचा तर मुलुंडच्या नाक्यावर जकात मोजावी लागे. भिवंडी शहरात शिरायचा तरी तिथली जकात होतीच. या दोन हद्दींच्या मधली ग्रामपंचायतींची शेते मात्र मोकळी होती. व्यापाऱ्याने माल तिथे उतरवायचा आणि गिऱ्हाईक सापडेल तसा, लागेल तेवढाच, पुढे धाडायचा. भाताच्या खाचरांवर पत्रे चढले ते असे.

आमच्या गोदामाच्या एका भागाला कस्टमचे कुलूप असे. परदेशी माल शुल्क भरेपर्यंत तिथे कैदेत राही. २००४ सालच्या चैत्रात त्या भागातल्या एका खोक्याचा तळ फुटला. बाटल्या बचावल्या, पण एक रंगीत कागद घरंगळत माझ्या टेबलापाशी आला. त्यावर एक चित्र होते. संथ नदी, काठावर मोठी झाडे, झाडांखाली लाकडी बाके. बाकांवर बायका, पुरुष, पोरे, एक म्हातारा आणि एक कुत्रा. मध्ये फिकट गुलाबी रंगाची बाटली. कोणी झिंगलेले नाही, कोणी लपूनही बसलेले नाही. मालकांच्या मुलीने पुण्याला फ्रेंचचा वर्ग केला होता. तिने वाचून सांगितले, "काका, याला गँगेत म्हणतात. पॅरिसच्या जकातीच्या हद्दीबाहेर असत ही ठिकाणे. आपल्यासारखाच धंदा!"

मी समोरच्या नोंदवहीकडे पाहिले. तिच्यात 'ऑक्ट्रॉय' असा एक रकाना होता. "हा शब्दही फ्रेंचच आहे," ती म्हणाली.

सव्वीस वर्षांत मला त्या रकान्याविषयी कुतूहल वाटले नव्हते. त्या दिवसापासून वाटू लागले, आणि मिळेल ते वाचत गेलो. त्या वाचनातले थोडे इथे मांडतो. सोवळ्या वाचकांनी भुवया उंचावू नयेत. आपल्या घरातल्या कपाटात द्राक्षासवाची बाटली असतेच. तिच्यावर वैद्यबुवांची चिठ्ठी असते म्हणून ती सोवळ्यात बसते.

पॅरिस शहरात येणाऱ्या वाईनवर पूर्वापार कर होता. १५७७ साली तिथल्या न्यायसभेने आणखी एक हुकूम काढला. शहराच्या दारू-व्यापाऱ्यांनी वीस लीगांच्या आतली, म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे अठ्ठ्याऐंशी किलोमीटरांच्या टापूतली, वाईन विकत घ्यायची नाही, लांबूनच आणायची. आता पॅरिसच्या भोवतीच्या टेकड्यांवर तर द्राक्षमळे पसरलेले. त्या शेतकऱ्यांनी आपल्या रसाचे काय करावे? त्यांनी तो शहराच्या वेशीबाहेर झाडाखाली बाके टाकून विकायला काढला. तिथे शहराचा कर नव्हता, म्हणून तो स्वस्त होता. त्या पातळ, आंबटसर वाईनला गँगे म्हणत आणि त्यावरून त्या ठिकाणांना गँगेत हे नाव पडले. कूर्तीय आणि बेलव्हील या वस्त्यांत रविवारी सारे कामकरी पॅरिस लोटू लागले. १७६० च्या सुमारास रांपोनो नावाच्या एका गुत्तेवाल्याने शहरातल्यापेक्षा कमी भावाने वाईन विकून एवढे नाव कमावले की कामगारांच्या जोडीला सरदार-दरकदारही वेष पालटून तिथे येत, असे सांगतात.

सरकारला हे कसे खपावे? १७८४ पासून कर गोळा करणाऱ्या मक्तेदारांच्या कंपनीने साऱ्या शहराभोवती एक नवी भिंतच घालायला घेतली. ही भिंत शत्रूसाठी नव्हतीच. ती केवळ जकातीसाठी होती. लदू नावाच्या नामांकित वास्तुशिल्पज्ञाने तिच्या नाक्यांना ग्रीक देवळांसारखे खांब दिले. जकात नाक्याला देवळाचे खांब! आमच्या मुलुंडच्या नाक्याला साधा सावलीचा आडोसा मिळता तरी ट्रकवाल्यांनी दुवा दिला असता. भिंतीमुळे बाहेरच्या कित्येक गँगेत आत आल्या आणि वाईन महागली. पुढे काय झाले ते शाळेच्या पुस्तकात अर्धेच असते. बास्तीचा तुरुंग १४ जुलै १७८९ रोजी पडला हे आपण पाठ करतो. पण त्याआधीच्या दोन-तीन रात्रींत पॅरिसच्या लोकांनी पहिल्यांदा जाळले ते हे जकात नाके. स्वातंत्र्य, समता, बंधुता हे शब्द मोठे खरेच. पण आरंभी त्या जमावाच्या डोळ्यांपुढे भाकरीचा आणि वाईनचा भाव होता, हेही खरे. १७९१ च्या मे महिन्यात हे प्रवेशकर उठले. १७९८ साली 'ऑक्ट्रॉय' हे नाव घेऊन ते पुन्हा आले. तेच नाव पुढे इंग्रजांबरोबर आमच्याकडे आले आणि माझ्या नोंदवहीच्या रकान्यात बसले.

१८६० साली पॅरिसने भोवतालची गावे पोटात घेतली. हद्द पुढे सरकली तशी बाकेही सरकली. आदल्याच वर्षी आगगाडी मार्न नदीच्या बाजूला पोचली होती, तेव्हा गँगेत आता नदीकाठी गेल्या. रन्वार या चित्रकाराने १८८० च्या सुमारास सेन नदीवरच्या शातू गावी अशाच एका बैठकीचे चित्र काढायला घेतले. पट्ट्यापट्ट्यांचे छत, गवती टोप्या, टेबलावर फळे आणि अर्ध्या बाटल्या, आणि एका तरुणीच्या हातात छोटेसे कुत्रे. ती तरुणी पुढे त्याची बायको झाली. आमच्या खोक्यातल्या कागदावरच्या कुत्र्याचे मूळ बहुधा या चित्रातच असावे.

एक शंका मात्र मला बरेच दिवस छळत होती. गँगे ही तर घसा खरवडणारी आंबट वाईन. मग आज जिला हलकी म्हणतात, पण जाणकार जिला नाक मुरडत नाहीत, अशी वाईन कुठून आली? उत्तर असे दिसले की ती काही राजवाड्यातून उतरली नाही. गामे नावाच्या काळ्या द्राक्षाचेच पाहा. १३९५ साली बर्गंडीच्या ड्यूकने त्याला बेइमान ठरवून आपल्या मुलखातून उपटून टाकण्याचा हुकूम केला. पीक भरपूर देते, पण भारदस्त नाही, हा त्याचा अपराध! हद्दपार झालेले ते द्राक्ष दक्षिणेला बोजोलेच्या खडकाळ डोंगरांत रुजले, आणि तिथे त्याची अशी काही वाईन होऊ लागली की जी थंड करून, घाई न करता, भाकरी-चीजबरोबर प्यावी. नव्या हंगामाची बोजोले वर्ष सरण्याआधीच बाजारात आणण्याची रीतसर मोकळीक १९५१ च्या नोव्हेंबरात मिळाली. अटलांटिकच्या किनाऱ्याकडची म्युस्कादे अशीच. १७०९ च्या भयंकर थंडीने तिथल्या जुन्या वेली मारल्या, आणि मग थंडी सोसणारे एक साधे द्राक्ष पसरले. ल्वार नदीच्या खोऱ्यातले शेनँ हे द्राक्षही शेकडो वर्षे तिथल्या शेतकऱ्यांच्या हातचे. १९३५ साली फ्रान्सने कायदा करून कोणत्या गावाचे नाव कोणत्या वाईनला लावता येईल, ती कोणत्या द्राक्षाची व कशी केलेली असावी, हे पक्के केले. त्यात बड्या घराण्यांबरोबर या साध्या वाईनलाही जागा मिळाली. बोजोले, म्युस्कादे, ल्वारची वूव्रे, साऱ्या दोन-तीन वर्षांत त्या यादीत आल्या. पुढल्याच वर्षी, १९३६ साली, फ्रान्सच्या कामगाराला दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. बसायला वेळ आणि प्यायला नावगाव असलेली वस्तू, दोन्ही पाठोपाठ आल्या.

पण त्या चैत्रात तो कागद हातात आला तेव्हा यातले मला काही ठाऊक नव्हते. चित्र पाहून मला आठवली ती आमची खाडी.

माझे आजोबा खाडीकाठच्या एका गावात राहत. कल्याण-भिवंडीचा हा टापू शिवाजीमहाराजांनी १६५७ साली घेतला. पुढे बंदराचा व्यापार आटला, तरी ताडाची झाडे आपल्या जागी होती. आजोबा भंडारी, ताड छेदणे हा आमचा घरचा व्यवसाय. पायाला दोरीचा फास लावून ते सरसर वर जात, कोंबाचा शेंडा कोयत्याने पानाएवढा पातळ तासत आणि त्याखाली मडके बांधत. सूर्य उगवण्यापूर्वी उतरवलेली ती नीरा. मडक्याला आतून चुना लावला तर ती गोड राहते. नाही लावला, तर उन्हाबरोबर ती आपोआप आंबू लागते. दहाच्या सुमारास तिला हलका फेस येतो; तेव्हाची ताडी गोडीला आंबटाचा नुसता किनारा लावलेली असते. दुपारनंतर ती जड होते आणि संध्याकाळी नाकाला झोंबते. ताडाची वेगळी, माडाची वेगळी, शिंदीची वेगळी. नव्या मडक्याची वेगळी आणि जुन्या मडक्याची वेगळी. आजोबांना या साऱ्या चवी ओळखता येत. एकदा शेजारच्या गावची ताडी जिभेवर ठेवून त्यांनी, "मडकं नीट धुतलेलं नाही," असे सांगितल्याचे मला आठवते. फ्रान्समध्ये अशा माणसाला काही पदवी मिळाली असती.

शिमग्याच्या दिवसांत खळी झाडून झाली की तिथेच बैठक बसे. सुके बोंबील, भाजलेले वाल, आणि मध्ये ताडीची मडकी. आजोबा स्वतः एक वाटी घेत. बायका-पोरे तिथेच वावरत असत. तेव्हा या बैठका चोरून होत. माझ्या लहानपणी राज्यात दारूबंदी होती. पण जुन्या काळी त्या उघड होत, आणि त्या कशा मोडल्या त्याचा इतिहास इंग्रजी अंमलात आहे.

१८७८ साली मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा आला. त्यामागे चार्ल्स प्रिचर्ड नावाचा अतिशय हुशार अधिकारी होता. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या घरगुती व गावठी भट्ट्या बंद करून मोहाची दारू मोठ्या भट्ट्यांतून यावी, तिच्यावर थेंबाथेंबाला कर बसावा, असा त्याचा बेत होता. उरणच्या भट्ट्या त्यातूनच भरभराटल्या. पण एक अडचण होती. लोकांना झाडाची स्वस्त ताडी मिळत राहिली तर ही महाग दारू घेणार कोण? तेव्हा झाडावरचा कर वाढवला. प्रत्येक झाडाला क्रमांक पडला. क्रमांकावाचून झाड छेदणे गुन्हा ठरला. भंडाऱ्यांनी अर्ज केले, गाऱ्हाणी मांडली, कित्येकांनी झाडावर चढायचे सोडून दिले. १८९२ साली याच दोन जिल्ह्यांवर नजर ठेवून मोहाचा कायदा आला आणि मोहाची फुले वेचून साठवण्यावरही बंधने आली. ती फुले आदिवासींच्या पोटाला आधार होती, दुष्काळात तर फारच. पण महसुलाच्या हिशेबात पोट हा रकाना नसतो.

इथेच मला दोन देशांतला फरक दिसतो. जकात त्यांच्याकडेही होती आणि आमच्याकडेही. पण त्यांची जकात भिंतीपुरती होती. भिंतीबाहेर चार पावले गेले की हलके पेय, मोकळी हवा आणि घरची मंडळी, तिन्ही मिळत. आमची जकात थेट झाडाच्या खोडावर येऊन बसली. तिच्याबाहेर जायला जागाच उरली नाही. ताडी महाग झाली, म्हणून माणसे दुकानातल्या कडक दारूकडे वळली. आणि ती दारू काही खळ्यावर, पोराबाळांत बसून पिण्याची नव्हे.

१९४९ साली मुंबई राज्याचा दारूबंदीचा कायदा झाला आणि ६ एप्रिल १९५० पासून संपूर्ण राज्यात बंदी आली. आजोबांची क्रमांकवाली झाडे त्या दिवशी नुसती झाडे झाली. सरकारने नीरेचा आणि ताडगुळाचा पुरस्कार केला खरा, पण आजोबांचे वय पन्नाशी ओलांडून गेले होते. त्यांनी भिवंडीत एका मागवाल्याकडे रात्रीच्या राखणदाराचे काम धरले. शेवटपर्यंत ते झाडांना आकड्यांनीच ओळखत. "एकशे बारावरची सुगरण यंदा फार घरटी बांधून राहिलीय," असे ते म्हणायचे, आणि आम्हा मुलांना ते अगदी साहजिक वाटायचे.

आजी मात्र मोरारजींचे नाव आदराने घेई. तिचा सख्खा भाऊ दारूने गेला होता. घरात यावरून वाद झाला की आजोबा म्हणत, "तो ताडीने नाही गेला. दुकानातल्या मोहाच्या दारूने गेला." आजी म्हणे, "गेला ना? मग मला झाडाचं नाव कशाला सांगता?" लहानपणी मला आजोबांचे पटे. आता दोघांचेही पटते, आणि त्यामुळेच हा विषय लिहायला सोपा राहिलेला नाही. बंदी सैल झाल्यावर परत आलेली ताडी जुनी नव्हती. तिच्यात गुंगीच्या औषधांची भेसळ होऊ लागली, आणि गावोगावच्या बायकांनी आडव्या बाटलीला मत देऊन दुकाने बंद पाडली. त्यांना नावे ठेवण्याची माझी छाती नाही.

मधल्या काळात फ्रान्सची वेल मात्र आमच्या दारावरून पुढे गेली होती. १९८० नंतरच्या दशकात नारायणगावी शामराव चौगुले यांनी फ्रेंच तज्ज्ञांची मदत घेऊन फेसाळ वाईन काढली आणि ती परदेशी धाडली. मग राजीव सामंत यांनी नाशिकला गंगापूर धरणाच्या बाजूला शेनँ ब्लाँ आणि सोव्हिन्याँ ब्लाँ ही दोन फ्रेंच द्राक्षे लावली; त्यांची पहिली वाईन २००० साली बाजारात आली. कंपनीचे 'सुला' हे नाव त्यांनी आपल्या आईच्या, सुलभा या नावावरून घेतले. मला हे फार आवडले. घशाखाली सुलभ उतरणाऱ्या वाईनला दुसरे नाव काय द्यावे! ल्वारकाठी हे द्राक्ष शरद ऋतूत खुडतात. आमच्याकडे वेलीला हिवाळ्याची झोप मिळत नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटणी करतात आणि माघ-फाल्गुनात खुडतात. शेनँचा गुण असा की उन्हातही त्याचा आंबटपणा टिकतो. २००१ साली राज्य सरकारने द्राक्षप्रक्रियेचे धोरण काढून या वाईनला अबकारी करात मोठी सूट दिली. १८७८ सालच्या कायद्याच्या नेमके उलट पाऊल! हे वाचले तेव्हा मी आजोबांच्या तसबिरीकडे पाहिले. सूट द्राक्षाला मिळाली, ताडाला नाही.

आणि खोक्यातली ती गुलाबी बाटली? परदेशी वाईनवर कित्येक वर्षे दीडशे टक्के आयात शुल्क होते. जी बाटली फ्रान्समध्ये कामगार नदीकाठी सहज उघडतो, ती आमच्या गोदामातून थेट पंचतारांकित हॉटेलात जाई आणि तिथे थंडगार वातानुकूलित दालनात, पांढऱ्या हातमोज्यांनी उघडली जाई. मोकळ्या हवेसाठी केलेल्या वस्तूची ही गत.

१ जुलै २०१७ रोजी मुंबईची जकात संपली. मुलुंडचा नाका सुना झाला. मी तोवर निवृत्तीला आलो होतो. २०१९ च्या फेब्रुवारीत पुतण्याने साऱ्या घराला नाशिकला नेले. द्राक्षमळ्याच्या कडेला गवतावर सतरंजी टाकली. मुले घोळक्याने पळत होती, पुतसुनेने घरून थालीपीठ आणि ठेचा आणला होता, तिथून चीज घेतले. आजूबाजूला अशाच पंधरा-वीस सतरंज्या. बाटली थंड पाण्यात ठेवलेली होती. पुतण्या म्हणाला, "काका, इतकी वर्षं नुसती खोकी मोजलीत, आज चव तरी घ्या." मी अर्धा पेला घेतला. आधी गोडी, मग आंबटाचा किनारा, शेवटी जिभेवर किंचित कोरडेपणा.

"कशी आहे?" त्याने विचारले.

"दहाच्या सुमाराची आहे," मी म्हणालो. त्याला काही समजले नाही. मग मी त्याला एकशे बारा क्रमांकाच्या झाडाची हकीकत सांगितली, आणि मुलेही येऊन बसली. धाकटीने विचारले, "आजोबा, ते झाड अजून आहे?" नाही. तिथे आता सात नंबरचे गोदाम आहे.

बिल आले तेव्हा जुन्या सवयीने मी ते वरपासून खालपर्यंत वाचले. चीजवर वस्तू व सेवा कर लागलेला होता. वाईनवर मात्र तो नव्हता. मद्य या नव्या करात घेतलेलेच नाही, म्हणून तिचा कर वेगळा, वेगळ्या नावाने, खालच्या ओळीत मांडला होता. साऱ्या देशाची जकात एका भिंतीत आली, आणि ही बाई अजून भिंतीबाहेरच बसली आहे. पुतण्याने पैसे चुकते केले. बिल मी मागून घेतले आणि घरी आल्यावर त्या जुन्या रंगीत कागदाच्या घडीत ठेवून दिले.